इटली, २५ एप्रिल आणि १ मे: आई-बाबांना घेऊन जातोय, आखणी तपासून द्याल का?

मीनल_पार्ले · रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही पाच जण इटलीला निघालोय. मी, नवरा, सहावीतला मुलगा आणि माझे आई-बाबा. बाबा ७४, आई ७०. विमानाची तिकिटं काढून झाली आहेत: २४ एप्रिलला सकाळी मिलानला उतरायचं आणि ४ मेला सकाळी रोमहून परत. हॉटेलं ठरवली आहेत, पण ती अजून फुकटात बदलता येतात. रेल्वेची आणि संग्रहालयांची तिकिटं काढायची आहेत.

ही सहल मुळात बाबांसाठी आहे. ते शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. त्यांच्या वर्गात फळ्याच्या वर एका जुन्या परदेशी कॅलेंडरचं पान लावलेलं असायचं, मायकेलअँजेलोचं आदमचं चित्र, त्या दोन बोटांचं. शाळा बदलली तेव्हा त्यांनी ते पान काढून सोबत नेलं. निवृत्त झाल्यावर ते घरी आलं आणि आता त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. ते छत प्रत्यक्ष बघायचं, एवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात स्वतःसाठी मागितली आहे. आई-बाबांचं लग्न १ मे १९८१ चं. म्हणून मी मुद्दाम १ मेला, लग्नाला पंचेचाळीस वर्षं होतात त्या दिवशी, सिस्टीन चॅपेल ठेवलंय.

बाकीचं असं: २४ ला मिलान. २५ ला शनिवार आहे, त्या दिवशी मिलानहून सकाळी व्हेनिसला जाऊन रात्री परत. २६ ला फ्लॉरेन्स. २७ ला सोमवारी उफीझीचं चित्रसंग्रहालय आणि डेव्हिडचा पुतळा. २८ ला पिसा. २९ ला रोम गाठून सेंट पीटर्स. ३० ला त्रेवी कारंजं वगैरे पायी. १ मेला व्हॅटिकनची संग्रहालयं आणि सिस्टीन. २ ला पाँपेई, ३ ला रविवारी कोलोसियम.

परवा ऑफिसमध्ये एकीने सहज विचारलं, "अगं, २५ एप्रिलला तिकडे सुट्टी असते ना?" तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. १ मेला आपल्याकडेही सुट्टी असते, पण आपल्याकडे त्या दिवशी राणीची बाग उघडी असते म्हणून मी पुढचा विचारच केला नव्हता. गाड्या चालू असतात का? दुकानं, जेवण मिळतं का? बाबांना फार चालवत नाही, रांगेत तासन्‌तास उभं राहणं तर जमणारच नाही. कुठे चुकतंय ते स्पष्ट सांगा.

---

गार्डकाका_डोंबिवली · सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

मीनलताई, आधी महत्त्वाचं सांगतो. १ मेला व्हॅटिकनची संग्रहालयं बंद असतात, आणि सिस्टीन चॅपेल त्यांच्याच आत आहे. हे आज कळलं हे फार बरं झालं. अजून साडेपाच महिने आहेत.

मी मध्य रेल्वेत ३४ वर्षं गार्ड होतो. निवृत्तीनंतर सौ. आणि मी दोनदा इटलीला गेलो, २०१९ मध्ये ईस्टरच्या सुमारास आणि २०२४ मध्ये मेअखेरीस. दोन्ही वेळा सगळं स्वतः आखलं. वेळापत्रक वाचणं हा माझा आयुष्यभराचा उद्योग, त्यामुळे तुमची आखणी वाचली आणि हातातला चहा गार झाला. तुमचे चार दिवस चार वेगवेगळ्या सुट्ट्यांवर पडलेत.

पहिली, २५ एप्रिल. इटलीचा मुक्तिदिन, १९४५ मध्ये नाझी आणि फॅसिस्ट राजवटीतून सुटका झाली त्याचा. देशभर सुट्टी. पण व्हेनिसमध्ये त्याच दिवशी गावचा पालक संत मार्क याचाही सण असतो. म्हणजे देशाची सुट्टी, गावाचा सण आणि २०२६ मध्ये वर शनिवार. शिवाय व्हेनिसला गर्दीच्या ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेशशुल्क असतं. ते सुरूच झालं २०२४ च्या २५ एप्रिलला, यावरून त्या दिवशी तिथे काय होतं ते ओळखा. आधी भरलं तर ५ युरो, अगदी तोंडावर भरलं तर १०. चौदा वर्षांखालच्या मुलांना माफ आहे. तुमच्या तारखेला ते लागणारच असं धरून चाला.

दुसरी अडचण २७ ची. ही सणाची सुट्टी नाही, साप्ताहिक आहे. उफीझी आणि डेव्हिड जिथे आहे ते अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद. पिसाचा मनोरा मात्र रोज उघडा असतो. तेव्हा २७ ला पिसा आणि २८ ला उफीझी, एवढी अदलाबदल केली की तो प्रश्न मिटला.

तिसरी, १ मे. सांगितलंच.

चौथी, ३ मे. तो महिन्याचा पहिला रविवार. इटलीत सरकारी संग्रहालयं आणि पुराणवास्तू दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात. ऐकायला छान वाटतं. पण त्या दिवशी कोलोसियमला आधीपासून वेळ ठरवून तिकीट घेता येत नाही, जागेवर रांगेत उभं राहून घ्यावं लागतं. तुमच्या बाबांसाठी हे योग्य नाही. २५ एप्रिल, २ जून आणि ४ नोव्हेंबर या तारखांनाही सरकारी ठिकाणं अशीच फुकट असतात. पैसे वाचतात, पाय जातात.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. व्हॅटिकन हे वेगळं राष्ट्र आहे आणि त्याची सुट्ट्यांची यादी वेगळी आहे. २५ एप्रिल आणि २ जून या इटलीच्या राष्ट्रीय सुट्ट्या, त्यांचा व्हॅटिकनशी संबंध नाही, तिथली संग्रहालयं उघडी असतात. उलट ११ फेब्रुवारी, १९ मार्च, २९ जून आणि १४ ऑगस्ट या दिवशी इटलीत कामकाज चालू असलं तरी व्हॅटिकनची संग्रहालयं बंद. (२९ जूनला रोम शहरात सुट्टी असते, पण मिलान-फ्लॉरेन्सला नाही.) रविवारी एरवी बंदच. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा सकाळी उघडा आणि फुकट. २६ एप्रिल हा शेवटचा रविवार आहे, पण त्याच्या नादी लागू नका. तटबंदीच्या कडेने रांग किती लांब जाते ते मी बघितलंय.

म्हणून माझी पद्धत अशी: देशाची यादी, मग त्या त्या गावच्या पालक संताचा दिवस, मग प्रत्येक ठिकाणाचा साप्ताहिक बंद दिवस. तिन्ही एका कागदावर उतरवायचं. कुठल्या तारखेला कुठल्या गावात झोपायचं ते त्यानंतर.

तुमच्यासाठी सुचवतो: ३० एप्रिल, गुरुवार, सिस्टीन. १ मेच्या आदल्या दिवशी. व्हॅटिकनची तिकिटं ६० दिवस आधी मिळतात, म्हणजे १ मार्चला. सकाळची पहिली वेळ घ्या. २९ ला बुधवार आहे, बुधवारी सकाळी चौकात पोपची जाहीर भेट असते आणि तेवढा वेळ सेंट पीटर्सचं चर्चही बंद असतं, त्यामुळे त्या दिवशी तिकडे जाऊ नका.

आणि १ मेला, लग्नाच्या वाढदिवशी, सेंट पीटर्सचं चर्च. संग्रहालयं बंद असली तरी ते उघडं असतं. आत शिरल्यावर उजव्या हाताला काचेमागे मायकेलअँजेलोची पिएता आहे, मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीची मूर्ती. त्याने ती पंचविशीच्या आत कोरली. तिकीट नाही, फक्त सुरक्षा तपासणीची रांग, म्हणून सकाळी लवकर. ३० ला त्याचं छत आणि १ ला त्याचा दगड. चित्रकलेच्या शिक्षकाला याहून चांगले सलग दोन दिवस मला तरी सुचत नाहीत.

कोलोसियम २ मेला शनिवारी करा. तिकिटं ३० दिवस आधी, म्हणजे २ एप्रिलला खुली होतील. तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट जवळ ठेवा. पाँपेई सोडून द्या. रोमहून नेपल्स वेगवान गाडीने सव्वा तासाच्या आत आहे हे खरं, पण पुढे गर्दीची लोकल आणि मग तळपत्या उन्हात दगडी रस्त्यांवर मैलभर चालणं. १ ते ३ मे ही तीन दिवसांची जोडून सुट्टी आहे, अर्धी इटली बाहेर पडलेली असेल.

गाड्यांबद्दल उद्या लिहितो, ते मोठं प्रकरण आहे.

---

मीनल_पार्ले · सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

काका, लोकलमध्ये वाचलं आणि पोटात गोळाच आला. तिकीट मिळत नाही हे कळायला मला मार्च उजाडला असता, आणि तोवर मी बाबांना तारखेसकट सगळं सांगून बसले असते. ३० आणि १ ची जोडी मनापासून पटली. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

गाड्यांबद्दल वाट बघतेय. व्हेनिसचं काय करू? ते गाळावं का?

---

मुलुंडची_ऋचा · सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

मीनलताई, व्हेनिस गाळू नका! मी नऊ वर्षं मिलानमध्ये राहतेय, नोकरीला. २५ एप्रिलला मिलानहून व्हेनिसला जाऊन येणं चुकीचं आहे, पण २५ एप्रिलला व्हेनिसमध्ये राहणं फार सुंदर आहे.

तुम्ही २४ ला सकाळी मिलानला उतरताय ना? मिलानमध्ये थांबूच नका. मिलानो चेंत्राले स्टेशनवरून थेट व्हेनिसची गाडी पकडा, अडीच तासांत पोचाल. २४ आणि २५ अशा दोन रात्री तिथेच काढा. मुक्काम करणाऱ्यांना ते प्रवेशशुल्क नसतं, फक्त माफीची नोंद करून ठेवावी लागते, हॉटेलवाले सांगतात. पुलापलीकडचं मेस्त्रे हेही व्हेनिस पालिकेतच येतं, तिथे हॉटेलं स्वस्त आहेत, पण आई-बाबा बरोबर असताना मी जुन्या गावातच राहीन. कारण दिवसभराची गर्दी संध्याकाळच्या गाड्यांनी परत जाते आणि सकाळी नऊपर्यंत आलेली नसते. ते सकाळचे आणि रात्रीचे तास फक्त मुक्कामी माणसांचे. दुपारी बारा ते चार बाबांना खोलीवर आडवं होऊ द्या.

आणि त्या दिवसाची एक प्रथा ऐका. २५ एप्रिलला व्हेनिसमध्ये पुरुष आपल्या आवडत्या बाईला लाल गुलाबाची एक कळी देतात. तिला बोकोलो म्हणतात. दंतकथा अशी की एका उमरावाच्या मुलीचं एका साध्या तरुणावर प्रेम होतं. तो नाव कमवायला लढाईवर गेला आणि जखमी होऊन गुलाबाच्या झुडपावर कोसळला. त्याच्या रक्ताने भिजलेली कळी सोबत्याने तिला आणून दिली. दुसऱ्या दिवशी, संत मार्कच्या दिवशी, ती कळी छातीशी धरून ती गेलेली सापडली. गोष्ट दुःखी आहे, पण दिवस आनंदाचा असतो. गल्ल्यागल्ल्यांतून हातात एकच गुलाब घेतलेले आजोबा दिसतात. पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या जोडप्यासाठी २५ एप्रिल आणि १ मे, दोन्ही दिवस तुमच्या सहलीत आयते आलेत.

सान मार्कोचं चर्च आतून बघायचं असेल तर मात्र २५ वर अवलंबून राहू नका, त्या दिवशी तिथे मोठी प्रार्थना असते. रविवारीही पर्यटकांना दुपारनंतरच सोडतात. २४ ला पोचल्यावर लगेच जमवा.

खाण्याचं: २५ एप्रिल आणि १ मेला पर्यटकांच्या भागात उपाहारगृहं उघडी असतात, घाबरू नका. पण दुपारचं जेवण हा इथे सुट्टीचा मुख्य कार्यक्रम, कुटुंबंच्या कुटुंबं दीड वाजता येऊन बसतात आणि चारशिवाय उठत नाहीत. दोन दिवस आधी टेबल सांगून ठेवा किंवा साडेबाराला, दार उघडल्या उघडल्या जा. सुपरमार्केटं १ मेला बरीच बंद किंवा अर्धा दिवस. ३० ला संध्याकाळी फळं, ब्रेड, दही, पाणी भरून ठेवा. घरून चकल्या, मेतकूट, दशम्या आणा, पण पेढे-बर्फी-खवा आणू नका, युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

इथल्या सुट्टीच्या गणितातला एक शब्द सांगते, पोंते. म्हणजे पूल. सुट्टी मंगळवारी किंवा गुरुवारी आली की मधला सोमवार किंवा शुक्रवार रजा टाकून जोडतात. आपण "जोडून सुट्टी" म्हणतो तेच, यांना तिथे पूल दिसतो. २०२६ मध्ये २ जून, प्रजासत्ताक दिन, मंगळवारी आहे, तेव्हा ३० मे ते २ जून गाड्या आणि समुद्रकाठची हॉटेलं भरलेली असतील. मीनलताई, तुम्हाला याची गरज नाही, पण हा धागा वाचून कुणी मे-अखेरची तिकिटं काढणार असेल तर त्यांच्यासाठी.

ऑगस्टमध्ये येणाऱ्यांसाठीही लिहिते, कारण मला दर वर्षी मुंबईहून कुणीतरी विचारतं. १५ ऑगस्ट हा फेर्रागोस्तो. सम्राट ऑगस्टसने ख्रिस्तपूर्व १८ मध्ये सुरू केलेली सुट्टी, पुढे त्यावर मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण बसला. गणपतीत लालबाग-परळचे चाकरमानी कोकणात गेल्यावर चाळी कशा शांत होतात, तसं मिलान आठ ते वीस ऑगस्ट असतं. कोपऱ्यावरचा बेकरीवाला, न्हावी, चावीवाला, सगळ्यांच्या शटरवर हाताने लिहिलेला कागद: सुट्टीसाठी बंद. त्या दिवसांत शहर बघणाऱ्याला फारसा त्रास नाही. समुद्राकडे जाणाऱ्याला आहे. महामार्गांवरच्या सगळ्यात वाईट दिवसांना इथे चक्क काळा ठिपका देतात.

---

गार्डकाका_डोंबिवली · मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

ऋचाताईंनी व्हेनिसचं फार छान सुचवलं. माझं त्या भागातलं ज्ञान पुस्तकी होतं, प्रवेशशुल्क धरून चाला हा माझा सल्ला मागे घेतो. दोन रात्री तिथेच काढा.

आता गाड्या.

आपल्याकडे सार्वजनिक सुट्टीला लोकल रविवारच्या वेळापत्रकाने धावतात, हे मुंबईतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. इटलीतही तेच तत्त्व, फक्त चिन्हं ओळखता आली पाहिजेत. स्टेशनवर लावलेल्या छापील पिवळ्या तक्त्यात काही गाड्यांपुढे एकमेकांवर ठेवलेल्या दोन हातोड्या असतात. ती गाडी फक्त कामाच्या दिवशी. क्रूस असेल तर ती रविवारी आणि सुट्टीला. हातोड्यांच्या दिवसाला ते फेरियाले म्हणतात, क्रुसाच्या दिवसाला फेस्तिवो. शनिवार हा हातोड्यांतला, हे ध्यानात ठेवा.

मोठ्या शहरांमधल्या वेगवान गाड्या, फ्रेच्चारोस्सा आणि इतालो, सुट्टीलाही व्यवस्थित धावतात. तुमचा सगळा प्रवास, मिलान-व्हेनिस, व्हेनिस-फ्लॉरेन्स, फ्लॉरेन्स-रोम, त्यांवर होतो. स्वस्तातली तिकिटं आधी संपतात आणि ती बहुधा परत करता येत नाहीत. म्हणून तारखा पक्क्या झाल्याशिवाय ती काढू नका, आणि पक्क्या झाल्यावर थांबू नका. पिसाची गाडी साधी, तिचं भाडं ठरलेलं, त्याच दिवशी काढलं तरी चालतं. सुट्टीचा खरा फटका शहरातल्या बस-मेट्रोला आणि खेड्यापाड्यांच्या बसना बसतो. रोममध्ये १ मेला बस कमी असतात. २९ ते ४ चं तुमचं हॉटेल सेंट पीटर्सपासून पायी जाण्याच्या अंतरावर मिळालं तर १ मेला कुणावर अवलंबून राहावं लागणार नाही. त्या दिवशी दुपारपासून सान जोव्हान्नीच्या चौकात कामगार संघटनांची मोठी मैफल असते, १९९० पासून चालत आली आहे, लाखांनी माणसं जमतात. त्या बाजूला फिरकू नका.

खेड्यातल्या बसबद्दल माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. २०१९ ला ईस्टर २१ एप्रिलला होता. सोमवारी, २२ ला, पास्क्वेत्ता. त्या दिवशी सगळा देश डबे घेऊन रानात जातो. आम्ही सिएनाजवळच्या एका छोट्या गावात मुक्काम केला होता. सोमवारी बस नाही हे मी तक्त्यावरून आधीच ओळखलं होतं, म्हणून मंगळवारी सकाळी ७.४० ची धरली. कामाचा दिवस, हातोड्या होत्या, सगळं बरोबर. बस आली नाही. आठ वाजले, साडेआठ वाजले. सौ.चा गुडघा तेव्हा फार दुखायचा, थांब्यावर बसायला बाक नाही. दोन बॅगा आणि सिएनाहून दहाची पुढची गाडी.

समोरच्या पाववाल्या बाईने बाहेर येऊन तक्त्यावरचं एक बारीक अक्षर बोटाने दाखवलं. त्याची तळटीप होती: फक्त शाळेच्या दिवशी. सणाची सुट्टी सोमवारी संपली होती, पण शाळांची ईस्टरची सुट्टी मंगळवारी संपायची होती. ती बस मुळात शाळेच्या मुलांसाठी होती. ३४ वर्षं मी तळटिपा वाचत आलो, आणि माझ्यासमोरची तळटीप मला वाचता आली नाही, कारण तो शब्द मला येत नव्हता. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, सौ.कडे बघून जास्तच. त्या बाईने भाच्याला फोन करून गाडी बोलावली. त्याने पैसे घेतले नाहीत. आम्ही त्याला आमच्याकडचे राहिलेले चार बेसनलाडू दिले. आमची गाडी गेली, पण त्या माणसाचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

तो शब्द स्कोलास्तिको. तक्त्यावर दिसला की चौकशी करा. तुम्ही अशा बसने जाणार नाही आहात, तरी लिहून ठेवलं.

---

वैद्यबाई_बोरिवली · मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

मीनल, मी बोरिवलीत दवाखाना चालवते. ७४ आणि ७० वयाची माणसं बरोबर आहेत म्हणून एवढंच लिहिते.

२०२३ च्या नाताळात मी आईला घेऊन फ्लॉरेन्सला होते. २५ डिसेंबरला सगळं बंद असणार हे माहीत होतं. पण इटलीत २६ लाही सार्वजनिक सुट्टी असते, संत स्तेफानोची, आणि आईची थायरॉइडची गोळी नेमकी २५ ला संपली. दुसरी पाकिटं माझ्याच हातून मुंबईत राहिली होती. हॉटेलजवळचं औषधाचं दुकान बंद. पण तिथे प्रत्येक औषधाच्या दुकानाच्या दारावर आज पाळी कोणाची आहे त्या दुकानाचा पत्ता लावलेला असतो. पाळीच्या दुकानाला फार्माचिया दि तुर्नो म्हणतात. हिरवा क्रूस पेटलेला असतो. आम्ही वीस मिनिटं चालून तिथे गेलो.

काम झालं ते चिठ्ठीमुळे. मी आईच्या चिठ्ठीवर गोळीचं कंपनीचं नाव न लिहिता लेव्होथायरॉक्सिन आणि मायक्रोग्रॅमचं प्रमाण लिहिलेलं होतं, आणि जुनी रिकामी पट्टी पर्समध्ये होती. दोन्ही बघून त्या मुलीने एक डबी दिली. आपल्याकडच्या ब्रँडची नावं तिथे कुणालाच कळत नाहीत. तेव्हा तुमच्या डॉक्टरांकडून आई-बाबांच्या प्रत्येक औषधाचं मूळ नाव आणि प्रमाण टाईप करून, सहीशिक्क्यानिशी घ्या. दहा दिवसांच्या सहलीला वीस दिवसांच्या गोळ्या, निम्म्या तुमच्या हँडबॅगेत, निम्म्या नवऱ्याच्या. खरी तातडी असेल तर ११२. सुट्टी असो वा नसो, तो लागतो.

आणि बाबांना छत बघायचंय तर मानेची काळजी घ्या. सिस्टीनमध्ये भिंतींच्या कडेला बाकं आहेत. जागा रिकामी होईपर्यंत थांबा, बसवून मग वर बघू द्या.

---

मीनल_पार्ले · शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. या आठवड्यात हॉटेलं बदलली. मिलान रद्द. २४-२५ व्हेनिस जुन्या गावात, २६ ते २८ फ्लॉरेन्स, २९ पासून रोम, सेंट पीटर्सच्या मागच्या गल्लीत, चौकापर्यंत दहा मिनिटं पायी. २७ पिसा, २८ उफीझी आणि डेव्हिड, ३० सिस्टीन, १ पिएता, २ कोलोसियम. ३ ला काहीच नाही, बागेत बसायचं. पाँपेईवरून मुलगा रुसला, त्याला कोलोसियमच्या तिकिटाचं काम दिलंय, २ एप्रिलचा गजर त्याने स्वतःच्या घड्याळात लावला.

बाबांना काल सांगितलं, तारखेसकट. ते काही बोलले नाहीत. उठून कपाट उघडलं आणि ते कॅलेंडरचं पान बघत राहिले. मग म्हणाले, "हे जुनं छायाचित्र आहे, साफसफाईच्या आधीचं." मला माहीत नव्हतं. १९८० मध्ये त्या चित्रांवरची शतकांची काजळी उतरवायला सुरुवात झाली आणि १९९४ पर्यंत ते काम चाललं, खालून एकदम उजळ रंग निघाले, हिरवे, नारिंगी, जांभळे. बाबांनी मुलांना जे दाखवलं ते सगळं तपकिरी होतं. "म्हणजे मी रंग अजून बघितलेच नाहीत," असं म्हणाले.

आईला गुलाबाचं सांगितलेलं नाही. ते फक्त बाबांना माहीत आहे.

एक शेवटचं विचारते. संप झाला तर काय? इटलीत संप फार होतात असं ऐकलंय.

---

मुलुंडची_ऋचा · शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

बाबांचं वाचून डोळे भरून आले, ताई.

संपाला इथे शोपेरो म्हणतात. कायद्याने तो किमान दहा दिवस आधी जाहीर करावा लागतो, आणि वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सगळी यादी असते. तेव्हा १४ एप्रिलपासून रोज एकदा बघा. नाताळ, ईस्टर आणि भर उन्हाळ्याच्या दिवसांत वाहतुकीत संप करायला बरीच बंधनं आहेत, पण तुमच्या तारखांना संप होणारच नाही असं धरून चालू नका. झालाच तर कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ साध्या गाड्यांची काही सेवा चालू ठेवावीच लागते. पिसाला सकाळी लवकर निघालात तर तीही काळजी नाही.

---

गार्डकाका_डोंबिवली · रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

१ मार्चला रविवार येतो. व्हॅटिकनच्या तिकिटांसाठी पासपोर्टवरची नावं पाचही जणांची आधी एका कागदावर काढून ठेवा, कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहे ना ते बँकेत आदल्या शुक्रवारी तपासा. घरात दोन फोन आणि एक लॅपटॉप, तिन्हीवर एकाच वेळी बसा.

शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे तुमची मुदत सुरू झालीच आहे. वकिलाती दोन्ही देशांच्या ठरावीक सुट्ट्यांना बंद असतात. ८ डिसेंबर तिकडची सुट्टी आहे, त्यानंतर नाताळ, मग ६ जानेवारी, मग आपला २६. अपॉइंटमेंट त्याआधी मिळाली तर घ्या.

तिकिटं मिळाली की इथे लिहा. सौ. रोज विचारते, मास्तरांचं काय झालं.